मऊ वस्तूंचं कडक गणित



एसओएमच्या पहिल्या लेक्चरला फळ्यावर एक सरळ रेघ काढली जाते. आडव्या अक्षावर स्ट्रेन, उभ्या अक्षावर स्ट्रेस, आणि रेघेचा चढ म्हणजे यंग्ज मॉड्युलस. या एका रेघेच्या जोरावर आपण बीम, शाफ्ट, स्प्रिंग, सगळं सोडवतो. केटी लागली तरी त्याच रेघेवर लागते आणि सुटली तरी त्याच रेघेवर सुटते! रेघ खोटी नाही. ज्या पोलादासाठी ती काढलेली असते, ते साधं माइल्ड स्टील मूळ लांबीच्या हजारात सव्वा भाग ताणलं गेलं की यील्ड होतं. एवढ्याशा अंतरात कोणतीही वक्र रेषा सरळच दिसणार.

पण हल्ली फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या यादीत नवी नावं दिसू लागली आहेत. सॉफ्ट ग्रिपर, सिलिकॉनचं बोट, कपड्यात शिवता येणारा सेन्सर. इथला पदार्थ हजारात सव्वा भाग नव्हे, दुप्पट-तिप्पट ताणला जातो. काही मऊ सिलिकॉन तर मूळ लांबीच्या आठ-नऊ पट होईपर्यंत तुटत नाहीत. पोलादाचा मॉड्युलस २०० गिगापास्कल, तर या सिलिकॉनचा ०.१ मेगापास्कलच्या आसपास. म्हणजे वीस लाख पटींचा फरक. इथे जुनी रेघ चालत नाही. मग काय चालतं, ते हॉस्टेलच्या टेबलावर करून बघता येईल अशा प्रयोगांतून सांगायचा हा प्रयत्न आहे. सिव्हिल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्रांनीही वाचावं, त्यांच्याही कामाचं थोडंफार आहे.

आधी प्रश्न: हापूस कसा उचलायचा?

उदाहरण आपल्या दारातलंच घेऊ. मार्च ते मे या काळात वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये कोकणातून हापूसच्या पेट्या येतात. समजा २५० ग्रॅमचा एक आंबा तीन बोटांच्या ग्रिपरने उचलायचा आहे. वजन ०.२५ × ९.८१ म्हणजे सुमारे २.४५ न्यूटन. झटका-धक्का धरून दुप्पट घेऊ, ४.९ न्यूटन. साल आणि बोट यांच्यातलं घर्षण ०.५ मानलं, तर प्रत्येक बोटाने दाबायचं बल ४.९ ÷ (३ × ०.५) म्हणजे ३.२७ न्यूटन.

बल फारसं नाही. प्रश्न आहे तो ते किती जागेवर पडतं याचा. बोट कडक धातूचं असेल आणि गोल आंब्याला जेमतेम ०.२ चौरस सेंटिमीटरवर टेकत असेल, तर दाब होतो १६३ किलोपास्कल. तेच बोट मऊ असेल आणि आंब्याच्या अंगाला बिलगून ४ चौरस सेंटिमीटरवर टेकत असेल, तर दाब होतो ८.२ किलोपास्कल. बल तेच, दाब विसावा हिस्सा. सॉफ्ट रोबोची सगळी महती या एका भागाकारात आहे. पहिल्या दाबाने आंबा आतून काळा पडू शकतो, आणि तो पेटीत उरलेल्यांनाही घेऊन जातो.

आता हे बोट बनवायचं कसं, आणि ते किती वाकेल, किती दाबेल याचा हिशेब कसा करायचा? त्यासाठी आधी रबर समजून घ्यायला हवं.

रबर ताणलं की आत काय होतं?

एक जाड रबर बँड घ्या, झटकन ताणा आणि लगेच वरच्या ओठाला लावा. कोमट लागेल. तसाच ताणून थोडा वेळ धरा, मग झटकन सैल सोडून पुन्हा ओठाला लावा. थंड लागेल. ही गंमत इंग्लंडमधल्या जॉन गॉफ या अंध अभ्यासकाने १८०५ साली नोंदवली, आणि पुढे १८५९ साली जूलने ती काळजीपूर्वक मोजली. आणखी एक करून बघा. रबर बँडला वजन टांगा आणि बाजूने हेअर ड्रायरची गरम हवा सोडा. धातूची तार लांबली असती. रबर आखडतं आणि वजन वर उचलतं!

याचं कारण असं. पोलाद ताणताना आपण अणूंमधले बंध ओढत असतो. रबरात असतात लांबच लांब साखळ्या, मेसमधल्या शेवयांच्या गोळ्यासारख्या एकमेकींत गुंतलेल्या. ताणल्यावर त्या सरळ होतात, म्हणजे त्यांची अस्ताव्यस्तता कमी होते. निसर्गाला अस्ताव्यस्तता प्रिय (आमच्या खोलीकडे पाहून पटेल), म्हणून साखळ्या परत गोळा व्हायला बघतात. रबराचा जोर हा मुख्यतः एन्ट्रॉपीचा जोर आहे. तापमान वाढलं की हा जोर वाढतो, म्हणून रबर आखडतं.

पण नुसत्या शेवया ओढल्या तर घसरून सुटतील. त्यांना जागोजागी गाठी माराव्या लागतात. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधकासोबत रबर तापवून या गाठी मारल्या, तेच व्हल्कनायझेशन. नुसत्या गंधकाने हे काम तासन् तास चालतं. ॲक्सिलरेटर नावाची रसायनं घातली की मिनिटांत होतं. ही रसायनं बनवणारी नोसिल कंपनी आपल्याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात आहे. गाठी जितक्या जास्त तितकं रबर कडक. सिद्धांत सांगतो की शिअर मॉड्युलस म्हणजे एका घनमीटरमधल्या साखळीच्या तुकड्यांची संख्या गुणिले बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान. मॉड्युलस ०.१ मेगापास्कल आणि तापमान ३०० केल्विन घेतलं, तर ही संख्या येते २.४ गुणिले १० चा पंचविसावा घात. एवढ्या गाठींचं जाळं आपण बोटाने ताणत असतो.

जाता जाता प्रोजेक्टवाल्यांसाठी एक सूचना. प्लॅटिनमने सेट होणारं सिलिकॉन वापरत असाल तर हातात लॅटेक्सचे ग्लोव्हज घालू नका. जो गंधक रबराला घट्ट करतो, तोच या सिलिकॉनचं सेट होणं रोखतो आणि वरचा थर चिकट राहतो.

नवी रेघ

आता समीकरण. घाबरू नका, एका पानात मावतं. ताणलेली लांबी भागिले मूळ लांबी याला 'ल' म्हणू, आणि शिअर मॉड्युलसला 'म'. तीन दिशांची गुणोत्तरं ल१, ल२, ल३. साखळ्यांच्या सिद्धांतातून साठलेली ऊर्जा (दर घनफळामागे) अशी येते:

ऊर्जा = (म/२) × (ल१² + ल२² + ल३² − ३)

रबराचं घनफळ जवळजवळ बदलत नाही, म्हणून ल१ × ल२ × ल३ = १. एकाच दिशेने ताणलं तर उरलेल्या दोन्ही दिशांना गुणोत्तर १/√ल. हे वर टाका आणि ल च्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह घ्या. मूळ क्षेत्रफळावरचा स्ट्रेस मिळतो:

स्ट्रेस = म × (ल − १/ल²)

याला निओ-हूकियन मॉडेल म्हणतात. ताण अगदी थोडा असेल तर यातून यंग्ज मॉड्युलस ३म मिळतो, म्हणजे आपली जुनी रेघ यातच लपलेली आहे. आता दोघींची तुलना करू.

१० टक्के ताण: जुनी रेघ ०.३०म सांगते, नवी ०.२७म. फरक चालण्यासारखा.

दुप्पट लांबी: जुनी ३म, नवी १.७५म.

तिप्पट लांबी: जुनी ६म, नवी २.८९म. दुपटीहून जास्त फरक.

निम्म्यापर्यंत दाबलं: जुनी १.५म, नवी ३.५म.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. ताणताना जुनी रेघ जास्त बल सांगते, दाबताना कमी. म्हणजे सरसकट 'फॅक्टर ऑफ सेफ्टी दोन घेतला' म्हणून सुटका नाही, कारण चुकीची दिशाच बदलते.

आणखी एक. दुप्पट ताणल्यावर क्षेत्रफळ निम्मं झालेलं असतं, म्हणून प्रत्यक्ष स्ट्रेस १.७५म नसून ३.५म असतो. कुठला स्ट्रेस मोजला ते जर्नलमध्ये लिहा, नाहीतर व्हायवात एक्स्टर्नल नेमकं तेच विचारतील.

फुगा आणि फसवा दाब

गणपतीच्या डेकोरेशनला फुगे फुगवले असतील, तर पुढची गोष्ट तुमच्या गालांना माहीत आहे. पहिली फुंकर सगळ्यात जड, आणि मग एकदम सोपं. वरच्याच ऊर्जेचं सूत्र पातळ गोल फुग्याला लावलं तर मिळतं:

दाब = २म × (मूळ जाडी ÷ मूळ त्रिज्या) × (१/ल − १/ल⁷)

याचं मॅक्सिमम काढा. ल चा सहावा घात ७ बरोबर, म्हणजे ल = १.३८. त्रिज्या ३८ टक्के वाढली की दाब शिखरावर पोचतो आणि नंतर उतरतो! 'म × जाडी ÷ त्रिज्या' हे एकक धरलं तर शिखर १.२४ वर आहे. जुनी रेघ त्याच ठिकाणी ४.६ सांगते, सुमारे ३.७ पट. (खऱ्या फुग्यात शेवटी साखळ्या पूर्ण ताणल्या जातात आणि दाब पुन्हा चढतो. तो भाग या साध्या मॉडेलमध्ये दिसत नाही, त्यासाठी पुढची मॉडेल्स लागतात.)

दोन सारखे फुगे घ्या. एक जास्त फुगवा, एक कमी, आणि दोन्ही एका नळीने जोडा. दोन्ही समान होतील असं वाटतं. पण शिखराच्या पलीकडे लहान फुग्यात दाब जास्त असतो. लहान फुगा आपली हवा मोठ्याला देऊन टाकतो.

आता सिलिकॉनचं बोट आठवा. त्यात एका नळीने जोडलेले पाच-सहा कप्पे असतात. एखाद्या कप्प्याची भिंत ओतताना जराशी पातळ झाली, की तो आधी शिखर ओलांडतो, मग बाकीच्यांची हवाही त्याच्यातच शिरते आणि तो टम्म फुगून फुटतो. बाकीचे कप्पे तसेच्या तसे. अशा वेळी सिलिकॉनला दोष देण्यात अर्थ नसतो.

उपाय तीन. एक, भिंतीची जाडी सारखी ठेवा, ओतण्यापूर्वी हवेचे बुडबुडे काढा. दोन, शिखराच्या जवळ काम असेल तर ठराविक दाब देण्याऐवजी सिरिंजने ठराविक हवा भरा. दाब ठरवला तर एका दाबाला दोन आकार शक्य असतात, हवा मोजून भरली की फुगा हातातून निसटत नाही. तीन, दोरा किंवा कापड वापरून फुगणं अडवा. बोटाच्या एका बाजूला न ताणणारा कापडाचा थर घातला की दुसरी बाजू लांबते आणि बोट त्या कापडाकडे वाकतं. हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलेला सरपटणारा सॉफ्ट रोबो याच युक्तीवर चालत होता.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी

'सर, ॲन्सिसमध्ये टाकतो ना' असं म्हणणाऱ्यांसाठी दोन खड्डे दाखवून ठेवतो.

पहिला खड्डा पॉयसन रेशोचा. रबराला तो ०.५ च्या अगदी जवळ असतो. बरोबर ०.५ टाकला तर बल्क मॉड्युलसच्या सूत्रात शून्याने भागाकार होतो. म्हणून बरेच जण ०.४९ टाकून मोकळे होतात. यंग्ज मॉड्युलस ०.३ मेगापास्कल असेल तर ०.४९ ला बल्क मॉड्युलस येतो ५ मेगापास्कल आणि ०.४९९९ ला ५००. खऱ्या रबराचा हजार-दोन हजारांच्या घरात असतो. मोकळ्या पट्टीला याने विशेष फरक पडत नाही, पण दोन प्लेट्समध्ये कोंडलेल्या रबराला प्रचंड पडतो. सिव्हिलवाल्यांनो, उड्डाणपुलाच्या गर्डरखाली जे काळे पॅड असतात ते आठवा. आत पोलादी पत्रे घालून रबराला बाहेर फुगायला जागाच ठेवलेली नसते. म्हणून ते उभ्या भाराला कडक आणि आडव्या सरकण्याला मऊ. अशा ठिकाणी साधे एलिमेंट उगाच ताठर होतात, त्याला लॉकिंग म्हणतात. दाब वेगळा मोजणारे हायब्रिड एलिमेंट वापरा.

दुसरा खड्डा डेटाचा. निओ-हूकियनच्या पुढे मूनी (१९४०) आणि रिव्हलिन (१९४८) यांचं मॉडेल आहे, ऑग्डेनचं (१९७२) आहे. स्थिरांक वाढवत गेलं की आलेख हवा तसा बसतो. पण आपल्याकडे बहुधा एकाच प्रकारची चाचणी असते, पट्टी ओढण्याची. फुगताना मात्र रबर दोन्ही दिशांनी ताणलं जातं. एका परीक्षेचे मार्क बघून दुसऱ्या विषयाचा निकाल लावण्यासारखं आहे ते. ट्रेलोरने १९४४ मध्ये एकाच रबराला एका दिशेने, दोन्ही दिशांनी आणि शिअरमध्ये ताणून मोजलं, म्हणून त्याचा डेटा आजही मॉडेल तपासायला वापरतात. दोन दिशांनी ताणायचं मशीन नसेल तर फुगवून मोजा. त्रिज्या आणि दाब, एवढंच लागतं. आणि रीतसर चाचणी करून घ्यायची तर ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रबर उद्योगाची संशोधन संस्था 'इरमरा' आहे, लांब जायला नको.

कातडीसारखे सेन्सर

बोट वाकलं, पण किती वाकलं आणि आंबा किती दाबला गेला हे कळायला सेन्सर हवा. आपल्या लॅबमधला फॉइल स्ट्रेन गेज (हा १९५२ सालचा शोध) काही टक्क्यांच्या पुढे ताणला की तुटतो. मग रबरात बारीक नळी ठेवून तिच्यात पातळ धातू भरतात. ७५ टक्के गॅलियम आणि २५ टक्के इंडियम यांचं मिश्रण सुमारे साडेपंधरा अंशांना वितळतं, म्हणजे नवी मुंबईच्या हवेत जवळजवळ नेहमी पातळच. नळी ताणली की लांबी ल पट होते आणि क्षेत्रफळ ल ने भागलं जातं. रेझिस्टन्स म्हणजे रेझिस्टिव्हिटी गुणिले लांबी भागिले क्षेत्रफळ, म्हणून तो ल² पट होतो. दुप्पट ताणलं की चौपट. इतकं स्वच्छ सूत्र मिळणं भाग्याचं.

खिशाला परवडणारा पर्याय म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून आयसी आणल्या की त्या ज्यात खोचलेल्या असतात, तो काळा फोम. त्याचा तुकडा दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये ठेवा, मल्टिमीटर लावा आणि दाबा. रेझिस्टन्स उतरतो. झाला प्रेशर सेन्सर! पण थांबा. हात काढल्यावर आकडा लगेच मूळ जागी येत नाही, रेंगाळतो. भार चढवतानाचा आलेख आणि उतरवतानाचा आलेख वेगळा, याला हिस्टेरिसिस म्हणतात. शिवाय काळं कार्बन भरलेलं रबर पहिल्यांदा ताणताना कडक असतं आणि दुसऱ्या खेपेपासून नरम पडतं, हा मलिन्स परिणाम. म्हणून कॅलिब्रेशनपूर्वी सेन्सर पाच-दहा वेळा कामाच्या मर्यादेपर्यंत ताणून सोडा, आणि चढता-उतरता असे दोन्ही आलेख काढा. रबर तसंच ताणून धरून ठेवलं तर त्यातलं बलही हळूहळू उतरतं. म्हणजे पकडलेला आंबा काही वेळाने सैल होऊ शकतो, आणि कंट्रोलरला हे माहीत नसेल तर तो निसटेल. उलट, सेन्सर रेंगाळत असेल तर कंट्रोलर गरजेपेक्षा जास्त दाबेल. दोन्हीकडून नुकसान आंब्याचंच.

हात कुणाचे?

आता एक प्रश्न जो सिलॅबसमध्ये नाही. एपीएमसी मार्केट माथाडी कामगारांच्या पाठीवर चालतं. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली हे कामगार संघटित झाले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. त्यांच्या कामात पाठ मोडणारा भाग आहे ओझ्याचा. आणि आपला मऊ ग्रिपर काय उचलू शकतो? २५० ग्रॅमचा आंबा. म्हणजे आपलं यंत्र ओझं तिथेच ठेवतं आणि फळ हातात घेऊन, दाबून, वास घेऊन निवडण्याचं जे हलकं आणि कसबाचं काम आहे, नेमकं त्यावर हात घालतं. ग्रिपर करू नका असं मी म्हणत नाही. पण प्रोजेक्टच्या अहवालात 'मनुष्यबळ वाचेल' हे वाक्य सवयीने लिहिण्याआधी कुणाचं कोणतं बळ वाचणार, ते लिहावं.

याच शास्त्राची दुसरी वाटही आहे. १९५० च्या दशकात जोसेफ मॅककिबेन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने पोलिओने हात लुळे पडलेल्या आपल्या मुलीसाठी हवेचा स्नायू तयार केला. रबरी नळी आणि तिच्यावर तिरक्या विणीची जाळी. हवा भरली की नळी जाड होते आणि लांबीने आखडते, अगदी आपल्या दंडासारखी. जाळीच्या धाग्याचा अक्षाशी कोन ५४.७ अंश झाला की ओढ शून्य होते, म्हणून विणकाम त्याहून कमी कोनात सुरू करायचं. सगळं सामान मिळून खर्च फार नाही, आणि ओढ मात्र आंब्याच्या वजनाच्या कितीतरी पट. ओझं उचलणाऱ्याच्या कंबरेला आधार देणारा पट्टा, किंवा पक्षाघातानंतर मूठ उघडायला मदत करणारा हातमोजा, हे अशा स्नायूंतून होऊ शकतं. इथे मऊपणा शोभेचा नसतो, कारण यंत्र माणसाच्या अंगाला बांधायचं असतं.

आमच्या गटाने म्हणूनच ग्रिपरच्या जोडीला पट्ट्याचंही काम हाती घ्यायचं ठरवलं आहे. पहिली पायरी मोजणीची आहे: कामगाराला विचारून, त्याच्या सोयीने, ओझं उचलताना कंबर किती वाकते ते पाहणं. समीकरण नंतर.

ज्युनियर्सनी तोवर तीन गोष्टी कराव्यात. रबर बँडला वजनं टांगून लांबी मोजावी आणि आलेखावर दोन्ही रेघा काढाव्यात. दोन फुगे नळीने जोडून पाहावेत. काळा फोम दाबून चढता-उतरता आकडा लिहावा. सगळं मिळून एका संध्याकाळचं काम आहे आणि खर्च वडापावच्या हिशेबातला. शंका असतील तर रात्री मेसनंतर या, चहा मात्र तुमच्याकडून!